दोन मीटरवरची खुर्ची

इंदूर
२७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

नमस्कार लिहिणार नव्हते. पण पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची सवय तूच लावलीस, म्हणून घे, नमस्कार.

गुरुवारपासून अकरा वेळा फोन केला. तू कट करतेस. शेवटी खालच्या लीलाताईंना लावला, तर त्या म्हणाल्या, "अगं, ती वरूनच ओरडतेय, मी घरी नाही म्हणून सांगा!" वा! आता हे पत्र तरी कट करता येणार नाही. फाडशील फार तर.

भाऊबीजेच्या सकाळी तू जो तमाशा केलास तो मी जन्मात विसरणार नाही. माझे केस वाळले नव्हते. तू माझी सूटकेस जिन्याच्या फरशीवर नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, "किरणांचं काम करणारी मुलगी मला या घरात नको. आत्ताच्या आत्ता नीघ." इतकी रागावली होतीस की हातातला चहाचा कप थरथरत होता. अर्धा चहा बशीत. आई-बाबा बदलीच्या गावी म्हणून पाचवीपासून मला तू वाढवलंस, आणि मला घराबाहेर काढायला तुला दहा मिनिटं पुरली. आठवडाभर राहीन म्हणून मी सुट्टी वाढवून घेतली होती, मूर्खासारखी!

मी काय चोरी करतेय? न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट होतेय. पेशंटला किरणोत्सर्गी औषध थोडंसं द्यायचं, मग कॅमेऱ्याखाली झोपवायचं, आतला कुठला अवयव बिघडलाय ते दिसतं. काही आजार त्याच औषधाने बरेही होतात. हे तुला दोन वर्षं सांगतेय. तुझं आपलं एकच, "कोण लग्न करेल, मुलं कशी होतील." मतलब काहीही!

आता कामाचं. माझा बॅज तुझ्याकडे राहिला. गच्चीच्या दाराजवळच्या खुंटीवर पांढरा कोट आहे, त्याच्या खिशाला लावलेला. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, त्यावर नंबर आहे. तो विभागाबाहेर न्यायचाच नसतो. मी तुला दाखवायला आणला, माझी अक्कल. तुला म्हटलं होतं ना, हा छातीवर असतो तोवर मला काही होत नाही? तोच. इथे मी दुसऱ्या कोटाची सगळी बटणं लावून फिरतेय, बॅज नाही हे कुणाला दिसू नये म्हणून. पत्र मिळताच पाठव. आणि कुणाला बोलू नकोस. न बोलणं तुला जमतंच सध्या.

यशश्री

---

खासगी बाजार, ग्वाल्हेर
१ नोव्हेंबर २०२५

यशश्री,

तुझा बिल्ला पाठवते आहे. पुठ्ठ्याच्या डबीत, कापसात. कोटही पाठवते आहे, इस्त्री केलेली नाही. बाईला आठवडाभर सुट्टी दिली होती.

तू जे लिहिलंस ते वाचलं. उत्तर द्यायची गरज वाटत नाही. घर माझं आहे, कोण राहील ते मी ठरवीन. चौतीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, एकीनेही मला असं तोंड वर करून लिहिलं नव्हतं. तुझ्या बाबाला, बळवंतला, मी काही कळवलेलं नाही. तूही कळवू नकोस. खामखा फोन करून डोकं खाईल.

अक्षर वाकडं आलं आहे. पेन खराब आहे.

बिल्ला नीट लाव. काढत जाऊ नकोस.

आत्या

---

इंदूर
९ फेब्रुवारी २०२६

आत्या,

तीन महिने तुला लिहिलं नाही. आजही लिहिलं नसतं. पण सांगायला दुसरं कुणी नाही, ही माझी फुटकी किस्मत.

आमचे बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातात. ऑक्टोबर ते डिसेंबरचा रिपोर्ट आला. माझ्या बॅजवर एकाहत्तर मिलिसीव्हर्ट. शिकणाऱ्यांची वर्षभराची मर्यादा सहा आहे, आत्या. सहा! वर्गातल्या बाकी सगळ्यांचं अर्ध्या मिलिसीव्हर्टच्याही खाली, आणि माझं एकाहत्तर. सगळं डिपार्टमेंट माझ्याकडे असं बघतंय, जणू मीच अंधारात चमकते.

मला हॉट लॅबमध्ये, म्हणजे जिथे औषधं तयार होतात त्या खोलीत, जायला बंदी झाली. रक्त तपासायला पाठवलंय. सगळ्यात वाईट म्हणजे परीक्षेचा फॉर्म अडवून ठेवलाय. जूनमध्ये परीक्षा. ती नाही दिली तर वर्ष गेलं, आणि ज्या नोकरीचं जवळजवळ ठरलंय ती पण गेली.

हे कुणी केलं ते मला माहीत आहे. समरजीत. माझ्याच बॅचचा. दिवाळीनंतर आमचं कडाक्याचं भांडण झालं, मी त्याची एक चूक सगळ्यांसमोर दाखवली होती. माझा बॅज इथल्या खुंटीवरून काढून औषधांच्या कपाटात ठेवला असणार त्याने. शिशाच्या त्या कपाटात दोन-चार दिवस बॅज पडला की झालं काम. मी विनिता मॅडमना, आमच्या सुरक्षा अधिकारी आहेत त्या, लेखी दिलंय. त्याचं नाव घालून. बॅजच्या क्लिपमध्ये लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता, तोही दाखवला. समरजीत मनगटाला लाल धागा बांधतो, गंडा. अजून काय पाहिजे?

मॅडमनी विचारलं, बॅज कधी विभागाबाहेर गेला होता का? मी लिहून दिलं, कधीच नाही. काय करणार होते? दिवाळीला घरी नेला म्हटलं असतं तर तिथेच संपले असते. आणि तिकडे तो खुंटीवर लटकलेला होता, तिथे काय होणार त्याला? तेव्हा तुला कुणी फोन केला तर तू काही पाहिलेलं नाहीस.

तुला आनंद झाला असेल. म्हण, म्हण, "मी सांगितलं होतं."

यशश्री

---

खासगी बाजार, ग्वाल्हेर
१७ फेब्रुवारी २०२६

यशश्री,

मला आनंद झाला असेल, हे तू लिहू कशी शकलीस? हात कसा वळला?

पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि उठले. आधी हे सांग, रक्तात काय निघालं? चक्कर येते का, केस गळतात का, जेवण जातं का? खरं लिही.

दुसरं. त्या मुलाचं नाव मागे घे. पाहिलंस का त्याला करताना? नाही ना? लाल दोरा गावात हजार जणांकडे असतो. कुणाच्या पोराच्या आयुष्यावर असा ठप्पा मारायचा, हे मी तुला शिकवलेलं नाही. उद्याच्या उद्या जा आणि नाव मागे घे.

तिसरं. तो बिल्ला नक्की करतो काय? मला सरळ मराठीत लिही. तू दिवाळीत म्हणालीस, आणि पत्रातही लिहिलंस, की तो छातीवर असला की काही होत नाही. म्हणजे तो किरणं ओढून घेतो ना? मग एकाहत्तर त्याने ओढून घेतली, चांगलंच झालं की. त्यात तुला शिक्षा कसली?

लगेच लिही.

आत्या

---

इंदूर
२२ फेब्रुवारी २०२६

आत्या,

धन्य आहेस. माझं करिअर जळतंय आणि तू त्या समरजीतची वकिली करतेस. त्याला ओळखत पण नाहीस! मी सांगते तर खोटं, आणि कुणी परका, तो साधू. दिवाळीला घराबाहेर काढलंस, आता इथूनही बेदखल कर.

नाव मी मागे घेणार नाही. त्याला चौकशी होईपर्यंत घरी पाठवलंय. मुरैन्याला. त्याचे वडील आले होते न्यायला, बॅग उचलून माझ्या समोरून गेले. मला वाईट नाही वाटलं. ठीक आहे, वाटलं थोडं. पण मी पण घरीच बसल्यासारखी आहे ना! सहा मार्चला कमिटी बसणार. दोघांचा फैसला त्याच दिवशी.

रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय. मला काही होत नाहीये, ना चक्कर ना काही. तेच तर म्हणतेय, माझ्या अंगावर काही पडलेलंच नाही, फक्त बॅजवर पडलंय.

आणि बॅज काहीही ओढून घेत नाही, आत्या. आत एक छोटी पट्टी असते. किती किरणं पडली ते ती लक्षात ठेवते, बस. ती मोजते. अडवत बिल्कुल नाही. थर्मामीटरने ताप उतरतो का? तसंच. "मला काही होत नाही" हे मी तुझं तोंड बंद करायला म्हटलं होतं. रोज रडगाणं चालायचं ना तुझं, म्हणून. एवढं पण नाही समजत?

यशश्री

---

खासगी बाजार, ग्वाल्हेर
२६ फेब्रुवारी २०२६

यशश्री,

बस खाली, आणि उभ्या-उभ्या वाचू नकोस.

एकाहत्तर माझे आहेत.

गेल्या उन्हाळ्यापासून माझं वजन उतरत होतं. छातीत धडधड, घाम, आणि चीड अशी की दूधवाल्यावर पातेलं फेकलं एकदा. हात थरथरायचे. मी, वनमाला, सुईत दोरा ओवायला लीलाताईंना हाक मारायला लागले. हरिशंकरपुरमच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. थायरॉइडची गाठ उधळली आहे म्हणाले. आणि इलाज काय सांगितला? किरणांची कॅप्सूल. तुझंच ते औषध. मला हसावं की रडावं समजेना. दोन वर्षं मी ज्याच्या नावाने शंख केला, तेच गिळायचं!

तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तू म्हणाली असतीस, बघ, आता कसं. म्हणाली असतीसच.

कॅप्सूल माझ्या नावाने मुंबईहून येणार होती, चोवीस ऑक्टोबरला. तारीख टळली तर वाया जाते म्हणाले. मी हिशेबाने ती तारीख घेतली होती, तू त्याआधी मंगळवारीच परत जाणार होतीस ना. आणि तू येऊन सांगतेस, आत्या, मी आठवडाभर राहते! डॉक्टरांनी विचारलं होतं, "घर में कोई जवान लड़की या बच्चा तो नहीं? हफ्ता भर दूर रखना पड़ेगा।" मी म्हटलं, नहीं है। आणि घरी आले तर तू न्हाणीत गाणं म्हणत केस धूत होतीस.

सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. मला माहीत आहेस तू. उलट उशाशी बसली असतीस. म्हणून भांडण काढलं. दुसरं काय होतं माझ्याकडे? भांडायला मला तसंही वेळ लागत नाही. तू जिना उतरत होतीस आणि मी दाराला पाठ लावून उभी होते.

दुसऱ्या दिवशी इंदरगंजच्या चौकापुढच्या त्या सेंटरवर गेले. तुझ्यासारख्याच कोटातली एक मुलगी, तिने शिशाच्या डबीतून कॅप्सूल पुढे केली आणि स्वतः लांब झाली. ई-रिक्षा एकटीसाठी करून परत आले. घरात कुणी नाही. मी तर गेलेच घाबरून. ताट वेगळं, पांघरूण वेगळं, बाई नाही, कुणाशी बोलायचं नाही. आणि खुंटीवर तुझा कोट. त्याला बिल्ला.

तू म्हणाली होतीस, हा छातीवर असला की काही होत नाही. मी विश्वास ठेवला. तू शिकलेली, मला काय कळतं. ब्लाउजच्या आत, गळ्याखाली, लाल दोऱ्याचे दोन टाके घालून शिवला. हात इतके कापत होते की दोन टाक्यांना अर्धा तास लागला. पुढे आठवडाभर तो दिवसरात्र अंगावर होता, अंघोळीपुरता काय तो निघायचा. तुझं पत्र आलं तेव्हा उसवला आणि पाठवून दिला. एक दोरा राहिला असणार. तो त्या मुलाचा नाही.

आता तू मला विचारशील, असं कसं केलंस. मी तुला विचारते, असं कसं बोललीस? म्हातारीचं तोंड बंद करायला काहीही सांगायचं? मी त्या तुझ्या वाक्याला धरून आठ दिवस काढले, यशश्री!

सोबत सेंटरचा कागद आहे. माझं नाव, तारीख, डोस, सगळं त्यावर आहे. तो दाखवलास तर बिल्ला घरी नेला होता हे उघड होईल, आणि तू खोटं लिहून दिलंस हेही. नाही दाखवलास तर त्या मुलाचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी संस्थेला परस्पर लिहिणार नाही. लिहायला हात शिवशिवतो आहे, पण नाही लिहिणार. हे तुझ्या हाताने व्हायला हवं.

मी आता बरी आहे. गाठ पुरती शमली नसेल तर एप्रिलमध्ये आणखी एक कॅप्सूल घ्यावी लागेल म्हणतात. बघू.

आत्या

---

इंदूर
८ मार्च २०२६

आत्या,

तुझं पत्र तीन तारखेला आलं. तीन दिवस मी नुसती चिडलेली होते. आधी तुझ्यावर. एवढं मोठं दुखणं, आणि तू एकटी! दार लावून! तुला काही झालं असतं तर मला कुणी सांगितलं असतं, लीलाताईंनी? मला राग येतो तुझा, अजूनही येतोय. घरातून हाकलून माझं रक्षण करणारी तू कोण?

मग स्वतःवर. आत्या, मी आठवड्याला दहा तरी थायरॉइडचे स्कॅन करते. पेशंट आत आला की हात पुढे करायला लावते, कापतात का बघते. फॉर्मवर लिहिते, वजन घटलंय का, घाम येतो का, चिडचिड होते का. आणि तुझ्या हातात कप थरथरत होता, चहा बशीत सांडत होता, गळ्याची हाडं दिसत होती, आणि मी समजले आत्या रागावलीय! उद्या कसली टेक्नॉलॉजिस्ट होणार मी?

कागद फाडायचं मनात आलं होतं. खोटं नाही बोलत. पाच तारखेला सकाळी तो हातात घेऊन बसले होते. फाडला असता तर परीक्षा मिळाली असती, नोकरी मिळाली असती, मॅडमचा कल माझ्याच बाजूला होता. तेवढ्यात त्यावरची तुझी सही दिसली. इतकी वेडीवाकडी सही मी तुझी कधी पाहिली नव्हती. माझ्या दप्तरावर नाव भरून देणारी तू.

कमिटीपुढे सगळं वाचून दाखवलं. बॅज घरी नेला, खोटं लिहून दिलं, समरजीतचं नाव पुराव्याशिवाय घातलं. विनिता मॅडमनी कागदावरची तारीख आणि डोस उतरवून घेतला. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांत बॅज हरवलेले पाहिले, धुतलेले पाहिले, शिवलेला पहिल्यांदा ऐकतेय. 

माझी जूनची परीक्षा गेली. सहा महिन्यांचं ट्रेनिंग पुन्हा, मग डिसेंबरमध्ये बसता येईल. नोकरी गेली, त्यांनी दुसरी मुलगी घेतली पण. एकाहत्तर माझ्या नावावरून काढायला ते वर लिहितील, तुझा कागद जोडून.

समरजीत परत आला. त्याची परीक्षा होणार. मी सगळ्यांसमोर त्याच्याकडे गेले, माफी मागितली. तो म्हणाला, "लिखकर दे। इल्ज़ाम तो तूने लिखकर दिया था।" मी लिहून दिली. त्याने ती डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर लावली, पिनांनी, चारही कोपऱ्यांत. रोज तिच्यासमोरून जाते. चिढ येते, पण मी काढणार नाही. त्याचा हक्क आहे.

आता नीट ऐक. एप्रिलमध्ये कॅप्सूल घ्यावी लागली तर मी येणार आहे. येऊ नकोस म्हणायचं नाही. सूटकेस फेकलीस तर परत वर आणीन. तुझी औषधं, जेवण, दाराशी ठेवायला माणूस लागतो, आणि हे काम मला येतं, शिकलेय मी ते. दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन, पलंगापासून दोन मीटर सोडून, थोडा थोडा वेळ. तेवढं चालतं, मॅडमना विचारलंय. बॅज इथेच खुंटीवर राहील.

भांडायचं असेल तर तिथून भांड. दोन मीटरवरून सगळं ऐकू येतं.

यशश्री

---

खासगी बाजार, ग्वाल्हेर
१४ मार्च २०२६

यशश्री,

नोकरी गेली याचं मला फार लागलं आहे. त्यावर आणखी लिहिणार नाही, कारण लिहायला बसलं की तुझा राग येतो, मग माझा येतो, आणि कागद वाया जातो. त्या मुलाला माझा आशीर्वाद सांग. घेणार नाही तो. तरी सांग.

डॉक्टरांकडे जाऊन आले. कॅप्सूल घ्यावी लागणार आहे, बावीस एप्रिल.

शिवणाच्या टेपने मोजून पाहिलं. पलंगाच्या कडेपासून दोन मीटर म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याची फरशी. तिथे खडूने खूण केली आहे. खुर्चीचे पाय बरोबर तिथेच येतात, जिथे त्या दिवशी मी तुझी सूटकेस ठेवली होती. लीलाताईंना खाली सगळं ऐकू जाईल. जाऊ दे.

फोन उचलते आहे आता. कर.

आत्या